हात, औषध, कोड: वॉर्डात पाऊल टाकण्याआधी

माझ्या वर्गात सगळे एकत्र बसतात. कुणी नर्सिंगचं, कुणी फार्मसीचं, कुणी लॅबचं, कुणी मेडिकल रेकॉर्डचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "मॅडम, पाठ काय करायचं?" माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. पाठ करायचं थोडंच आहे. हातातलं काम थांबवून दुसऱ्यांदा कुठे बघायचं, हे शिकायचं जास्त आहे. हात धुणं असो, डोस काढणं असो की फाइलवर कोड टाकणं, घोळ होण्याच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. त्याच इथे सांगते.

आधी हात

हात धुता येतात असं प्रत्येकालाच वाटतं. म्हणून मी खोलीत अंधार करते आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा लावते. त्या प्रकाशात चमकणारं एक लोशन मिळतं. ते हँडरबसारखं (हात स्वच्छ करायचं अल्कोहोलचं द्रव) चोळायचं, रोज चोळता तसंच, मुद्दाम जास्त काळजी घ्यायची नाही. मग हात दिव्याखाली धरायचे. तळवे झगझगतात. अंगठा मात्र बुडापासून काळा, बोटांची टोकं काळी, नखांच्या कडा काळ्या. म्हणजे जिथे काहीच पोचलं नाही, त्याच टोकांनी आपण नाडी बघतो आणि त्याच अंगठ्याने सिरिंजचा दट्ट्या ढकलतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की भाषणाची गरज उरत नाही.

क्रम असा ठेवा: तळव्यावर तळवा, मग एका हाताच्या पाठीवर दुसऱ्याचा तळवा, बोटांच्या बेचक्या, बोटं एकमेकांत अडकवून त्यांच्या पाठी, मग अंगठा मुठीत धरून गोल फिरवायचा, आणि शेवटी बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर गोल घासायची. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला वेळ हँडरबसाठी २० ते ३० सेकंद आणि साबण-पाण्यासाठी, हात पुसण्यासकट, ४० ते ६० सेकंद आहे. हँडरब कोरड्या हातांवर घ्यायचं आणि आपोआप वाळेपर्यंत चोळायचं. घाईत कपड्याला पुसून टाकलं तर ते घेतलंच नाही असं समजा.

हँडरब पुरत नाही अशा वेळा लक्षात असू द्या. हाताला रक्त किंवा घाण दिसत असेल, किंवा शौचालयातून आला असाल, तर साबणच. आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचा जुलाब असलेल्या रुग्णाजवळून आलात तर सरळ बेसिनकडे जा. या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. साबणाने चोळून आणि वाहत्या पाण्याने ते हातावरून निघून जातात, एवढाच काय तो उपाय.

हात केव्हा स्वच्छ करायचे, याच्या पाच वेळा आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त किंवा शरीरातल्या द्रवांशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर, आणि रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. पहिल्या चार कुणीही सांगतं. पाचवी निसटते. पलंगाचा कठडा वर केला, मॉनिटरचा अलार्म बंद केला, सलाईनचा स्टँड सरकवला, आणि "मी पेशंटला हातसुद्धा लावला नाही" म्हणत पुढच्या पलंगाकडे. कठड्यावर जे असतं ते रुग्णाच्या अंगावरचंच असतं.

ग्लोव्हजबद्दल माझं मत जरा कडक आहे. ते घातले की माणूस निर्धास्त होतो आणि त्याच ग्लोव्हजनी फोन, पेन, दाराची कडी, सगळीकडे फिरतो. ग्लोव्हज काढताना हात दूषित होऊ शकतात, शिवाय त्यांना न दिसणारी छिद्रंही असू शकतात. म्हणून घालण्याआधीही हात स्वच्छ करायचे आणि काढल्यावरही. अंगावरचं सगळं संरक्षक साहित्य उतरवताना ग्लोव्हज आधी निघतात, मास्क सगळ्यात शेवटी.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती वॉर्डात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा रुजलेला नव्हता, त्यामुळे असं का होतं हे त्यांना पटवून देता आलं नाही, आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी ते मानलंही नाही. तुम्हाला कारण माहीत आहे, त्यामुळे तुमच्याकडे सबब नाही.

सुईबद्दल थोडक्यात. वापरलेल्या सुईवर टोपण परत लावायचं नाही. ती हातात घेऊन चालत जायचं नाही, वापरलेल्या सुया टाकायचा डबाच जवळ आणून ठेवायचा. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, वरून दाबून अजून दोन सुया कोंबायच्या नाहीत. टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत तरी सुरू व्हायलाच हवं. शरमेपोटी गप्प बसण्यात हेच तास वाया जातात.

औषध: नावापासून सुरुवात

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाच 'योग्य' प्रत्येक परीक्षेत विचारतात आणि प्रत्येक जण लिहितो. प्रत्यक्षात त्यातला पहिलाच डळमळतो. रुग्णाला "तुम्हीच अमुक ना?" असं विचारू नका. झोपेच्या गुंगीतला, कमी ऐकू येणारा किंवा नुसता घाबरलेला माणूस कशालाही "हो" म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा," असं विचारा आणि उत्तर मनगटावरच्या पट्टीशी आणि औषधाच्या चार्टशी ताडून पाहा. पलंगाचा नंबर ही ओळख नव्हे. पलंग बदलतात. त्याच वेळी ॲलर्जीचंही विचारून घ्या, चार्टवर लिहिलेली असली तरी.

लेबल तीन वेळा वाचायचं: औषध कपाटातून काढताना, डोस तयार करताना, आणि रुग्णाला देण्याच्या ठीक आधी. तिन्ही वेळा नाव आणि ताकद दोन्ही. डबा ओळखीचा वाटतो म्हणून हात आपोआप जातो, आणि डोपामिनच्या जागी डोब्युटामिन हातात येतं. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या ताकदीच्या व्हायल एकाच रंगाच्या असू शकतात, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवू नका.

आता गणित. सूत्र सोपं आहे: हवा असलेला डोस भागिले हातातला डोस, गुणिले तो ज्यात आहे ते मिली. एक उदाहरण नीट बघू. १२ किलोचं मूल आहे, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलीग्रॅम सांगितलं आहे. म्हणजे १८० मिलीग्रॅम. बाटलीवर "५ मिलीमध्ये २५० मिलीग्रॅम" असेल तर १८० भागिले २५० गुणिले ५, म्हणजे ३.६ मिली. पण शेजारच्या बाटलीवर "५ मिलीमध्ये १२० मिलीग्रॅम" असेल, तर त्याच मुलाला ७.५ मिली लागतील. दोन्ही पॅरासिटामॉलच, दोन्ही सिरपच. म्हणून नुसतं "इतके मिली द्या" किंवा "एक चमचा" हा आदेश अर्धवट असतो. मिलीग्रॅम विचारून घ्या.

कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी अंदाज बांधायची सवय लावा. २५० मिलीग्रॅमला ५ मिली, मग १८० ला पाचपेक्षा कमी आणि अडीचपेक्षा जास्त यायला हवेत. पडद्यावर ३६ आलं तर बोट चुकलंय हे लगेच कळतं. आणि एका डोससाठी तीन-चार अँप्यूल फोडाव्या लागतायत किंवा मूठभर गोळ्या मोजाव्या लागतायत, असं दिसलं की थांबाच. बहुतेक वेळा दशांश चिन्ह सरकलेलं असतं.

दशांश चिन्हाचे दोन नियम कुठेही मोडू नका. एकाहून कमी असेल तर आधी शून्य लिहा: ०.५, नुसतं .५ नाही, कारण टिंब पुसट झालं की ते ५ होतं. आणि पूर्णांकामागे शून्य लावू नका: ५ लिहा, ५.० नाही, कारण टिंब दिसलं नाही की ते ५० होतं. दोन्हीकडे घोळ थेट दहापटीचा. मिलीग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये तर हजारपटीचा, म्हणून मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहा. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची ०.२५ मिलीग्रॅमची गोळी म्हणजे २५० मायक्रोग्रॅम, हे डोळे मिटून सांगता यायला हवं. हे औषध देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. प्रौढांत ते ६० च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना विचारायचं.

ॲड्रेनालिनच्या अँप्यूलवर "१:१०००" दिसेल. म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम, अर्थात १ मिलीत १ मिलीग्रॅम. "१:१०,०००" म्हणजे १ मिलीत ०.१ मिलीग्रॅम. मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद, असं वाटतं. इथे उलट आहे. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत, प्रौढाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मिलीग्रॅम देतात, म्हणजे १:१००० चे अर्धा मिली. हे आणीबाणीत बोटांवर मोजत बसायला वेळ नसतो, आत्ताच मोजून ठेवा.

सलाईनचे थेंब: एकूण मिली गुणिले सेटचे थेंब प्रति मिली, भागिले मिनिटं. ५०० मिली ४ तासांत, २० थेंबांच्या सेटने: ५०० गुणिले २० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो सेटमध्ये १ मिलीला ६० थेंब असतात, तिथे तेच काम मिनिटाला १२५ थेंबांनी होईल. सेट कुठला आहे हे न बघता मायक्रो सेटवर ४२ थेंब लावलेत, तर चार तासांची बाटली जवळपास बारा तास चालेल. थेंब प्रति मिली किती, ते सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं. पाकीट फेकण्याआधी वाचा.

काही औषधांपुढे मी विद्यार्थ्यांना एकट्याने जाऊच देत नाही. इन्सुलिन: त्याचा डोस फक्त इन्सुलिनच्या सिरिंजनेच मोजायचा, आणि व्हायल व सिरिंज एकाच मापाची हवी. १ मिलीत १०० युनिट आणि १ मिलीत ४० युनिट अशी दोन्ही मापं जगात वापरात आहेत. त्यांची सरमिसळ म्हणजे अडीचपट फरक. 'युनिट' हा शब्दही पूर्ण लिहायचा, कारण इंग्रजी 'यू' अक्षर घाईच्या हस्ताक्षरात शून्य दिसतं आणि ४ युनिटचे ४० होतात. संहत पोटॅशियम क्लोराइड: सरळ शिरेत कधीही ढकलायचं नाही, हृदय थांबतं. ते पातळ करून, ठरलेल्या वेगानेच जातं. विन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध: फक्त शिरेतून, पाठीच्या मणक्यातल्या द्रवात गेलं तर बहुतेक वेळा जीव जातो. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा डोस दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचा. आणि तो दुसरा माणूस स्वतः गणित करणारा हवा. तुमचं उत्तर आधी सांगून "बरोबर ना?" विचारलंत तर ती तपासणी झाली नाही.

औषधांच्या मूळ नावांच्या शेपट्या शिकून घ्या, कारण ब्रँड शेकडो आहेत आणि शेपट्या मोजक्या. 'ओलॉल' असेल तर बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करणारं), 'प्रिल' आणि 'सार्टन' रक्तदाबाची, 'स्टॅटिन' कोलेस्टेरॉलची, 'सिलिन' पेनिसिलिनच्या घराण्यातली. हे शेवटचं ॲलर्जीसाठी फार कामाचं: पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाच्या चार्टवर ॲमॉक्सिसिलिन दिसलं की तिथेच बोट ठेवायचं. पण 'अझोल'वर विसंबू नका. ओमेप्राझोल पित्ताचं, फ्लुकोनाझोल बुरशीचं, मेट्रोनिडाझोल जिवाणू आणि परजीवींचं. शेपटी सारखी, काम तिन्हींचं वेगळं.

पॅरासिटामॉल साधं औषध म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. प्रौढासाठी २४ तासांत साधारण ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि ते सर्दीच्या, अंगदुखीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत लपलेलं असतं. यकृत आधीच दुबळं असेल किंवा वजन कमी असेल तर मर्यादा त्याहून खाली येते. म्हणून सगळ्या गोळ्यांतलं पॅरासिटामॉल एकत्र मोजा.

गोळी फोडण्याआधी विचारा. आतड्यात विरघळावी म्हणून आवरण दिलेली गोळी आणि तासन्‌तास हळूहळू सुटणारी गोळी कुटली की तिचा अर्थच जातो. दुसऱ्या प्रकारात तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. नळीवाटे औषध द्यायचं असेल तर द्रव रूप मिळतं का, ते फार्मासिस्टला विचारा.

चिठ्ठीवरची लघुरूपं: 'बीडी' दिवसातून दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एसओएस' गरज पडल्यास, 'स्टॅट' आत्ता लगेच. 'ओडी' मात्र मला अजिबात आवडत नाही. कुठे ते दिवसातून एकदा असतं, कुठे उजवा डोळा. शब्द लिहायला असा किती वेळ लागतो? फोनवर तोंडी आदेश आला तर लिहून घ्या, परत वाचून दाखवा, आकडे सुटे करून: "पंधरा, एक-पाच." इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात.

नोंद औषध दिल्यावर करायची, आधी नाही. रुग्णाने उलटी केली, नकार दिला, तर तेही लिहायचं. आणि "ही गोळी रोजच्यासारखी नाही" असं रुग्ण म्हणाला, तर त्याला समजावत बसू नका. ट्रे खाली ठेवा आणि चार्ट उघडा.

कोड: फाइलमधल्या अक्षरांचं काय करायचं

इथे विद्यार्थी कंटाळतात, कारण समोर रुग्ण नसतो. पण विम्याचे पैसे, साथीची आकडेवारी, मृत्यूच्या कारणांचे तक्ते, सगळं याच अक्षरांवर चालतं.

आजारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, आयसीडी. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली, अकरावी २०१९ मध्ये मान्य होऊन जानेवारी २०२२ पासून लागू झाली. बऱ्याच ठिकाणी अजून दहावीच चालते, काही देशांनी तिची स्वतःची विस्तारित रूपं केली आहेत. म्हणून पहिला प्रश्न: इथे कुठली आवृत्ती? दहावीत साधा उच्च रक्तदाब 'आय १०' आहे, अकरावीत तोच 'बीए ००'.

दहाव्या आवृत्तीचा कोड असा वाचायचा: पहिलं अक्षर बहुतांशी प्रकरण सांगतं. 'ई' अंतःस्राव आणि चयापचय, 'आय' रक्ताभिसरण, 'जे' श्वसन, 'के' पचन, 'ओ' गर्भारपण, 'एस' आणि 'टी' इजा, 'आर' म्हणजे नुसती लक्षणं. मग दोन अंक, टिंब, आणि पुढचा तपशील. 'ई ११' टाइप २ मधुमेह, 'ई ११.९' गुंतागुंत नसलेला. टिंबानंतरचा ९ दिसला की बऱ्याचदा अर्थ 'तपशील दिलेला नाही', आणि ८ म्हणजे 'तपशील आहे, पण त्यासाठी वेगळा कोड नाही'. सगळ्या फाइलींवर ९ पडत असतील, तर एक तर डॉक्टर लिहीत नाहीत, नाहीतर कोड टाकणारा वाचत नाही.

कोड शोधताना वर्णानुक्रमाच्या सूचीतून सुरुवात करायची, पण तिथे थांबायचं नाही. मुख्य यादीत जाऊन तो कोड उघडायचा आणि खालच्या टिपा वाचायच्या: यात काय येतं, काय येत नाही. खरी माहिती त्या बारीक अक्षरांत असते. मांडीच्या हाडाच्या मानेचा अस्थिभंग 'एस ७२.०', पण तो कशाने झाला हे वेगळ्या कोडने सांगायचं. घसरून पडला असेल तर 'डब्ल्यू ०१'.

आणि जे लिहिलेलं नाही ते कोडमध्ये आणायचं नाही. साखर वाढलेली दिसली म्हणून तुम्ही मधुमेहाचा कोड टाकू शकत नाही. तसं निदान डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. शंका असेल तर विचारा, आणि विचारताना उत्तर सुचवू नका. निदान ठरलंच नाही, तर लक्षणाचा कोड टाकणं प्रामाणिकपणाचं आहे, कमीपणाचं नाही. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय बंद पडले' एवढंच दिसलं, तर ते मूळ कारण नव्हे. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं; साखळी जिथून सुरू झाली तो आजार हवा.

औषधांनाही कोड असतात, एटीसी नावाचे, अक्षरं आणि अंक मिळून सात खुणांचे. पॅरासिटामॉल 'एन ०२ बीई ०१': 'एन' मज्जासंस्था, ०२ वेदनाशामक, आणि असं आत आत जात शेवटी औषध. ॲस्पिरिन मात्र दोन घरांत राहतं. दुखण्यासाठी 'एन ०२ बीए ०१', रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून 'बी ०१ एसी ०६'. म्हणजे नुसतं नाव बघून कोड टाकता येत नाही, ते कशासाठी दिलंय ते चार्टवर शोधावं लागतं. अकराव्या आयसीडीच्या कोडमधून तर इंग्रजी 'ओ' आणि 'आय' ही अक्षरंच वगळली आहेत, शून्य आणि एकशी गफलत होऊ नये म्हणून. चुकणाऱ्याला रागावण्यापेक्षा चुकायची जागाच काढून टाकली, हे मला फार पटतं.

खिशात एक छोटी वही ठेवा. तुमच्या विभागातली दहा-बारा औषधं, त्यांची नेहमीची ताकद, उतारा असलेल्यांचा उतारा (पॅरासिटामॉलला ॲसिटिलसिस्टीन, हेपॅरिनला प्रोटामिन, अफूवर्गातल्या औषधांना नॅलॉक्सोन), रोज लागणारे कोड. डोस वहीतून द्यायचा नाही, चार्टवरूनच द्यायचा. वही फक्त शंका यावी म्हणून. तिच्यात रुग्णाचं नाव, नंबर काही लिहू नका, चार्टचा फोटो फोनमध्ये घेऊ नका. आणि तिला पुसता येईल असं प्लॅस्टिकचं कव्हर घाला, कारण तीही दिवसभर सगळ्या पलंगांजवळून फिरणार आहे.